कप्प्यात टाकलेला दुपट्टा

विमानात सीटला नंबर असतो, डोक्यावरच्या कप्प्याला नसतो. ज्या कुणी ही व्यवस्था केली त्याने माणूस या प्राण्यावर फारच विश्वास टाकला, असं माझं मत आहे. मुलगा बंगळुरूला असल्यामुळे नागपूरहून तिकडे माझी ये-जा असते, आणि दर वेळी माझ्या सीटच्या वरचा कप्पा दुसऱ्याच कुणाच्या सामानाने भरलेला असतो. सामान कुणाचं, हे विचारायचं नसतं. विचारलं तर सगळे खिडकीबाहेर बघू लागतात. ज्यांच्या वाट्याला खिडकी आलेली नसते तेसुद्धा.

इतक्या फेऱ्यांमध्ये मला या कप्प्याच्या रीतीभाती पाठ झाल्या आहेत. अगदी मागे बसणारा आपली बॅग पुढच्या कुणाच्या तरी डोक्यावर ठेवून जातो, कारण उतरताना ती वाटेत सापडते. पुढच्याने मग स्वतःची बॅग कुठे ठेवायची, हा त्याच्या संस्कारांचा प्रश्न. संत्रा बर्फीची पिशवी ही सामानात धरत नाहीत. ती नागपूरची भेट असते, तिला कुणी खेटलेलं चालत नाही, आणि एका घरच्या अशा चार पिशव्या असतील तर त्या चार कप्प्यांत सुखाने राहतात. जाकीट मांडीवर ठेवलं तर चुरगळतं, म्हणून त्यालाही वर लांबरुंद जागा द्यावी लागते. तिकीट काढलेल्या माणसाला गुडघे दुमडून बसवतात आणि त्याचं जाकीट वर पाय पसरून झोपतं. दुसऱ्याची बॅग ढकलायची असेल तर तोंडाने सॉरी म्हणायचं आणि कोपराने काम करायचं. तोंड आणि कोपर एकाच वेळी चाललं पाहिजे, नाहीतर लोक आपल्याला अडाणी समजतात.

मी या शाळेत पास झालेली आहे. पण गेल्या मार्गशीर्षात विमानात चढले ती माझ्या थोरल्या भावाबरोबर, आणि दादाची शाळा एसटीची.

दादा पारशिवनीजवळच्या आमच्या गावी राहतो, शेती करतो. त्याची एकुलती एक मुलगी बंगळुरूला नोकरीला आहे. तिने तिथलाच एक मराठी मुलगा पसंत केला आणि लग्नही तिथेच ठरलं. तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. होतं ते एवढंच की भादव्यात वहिनी गेली होती. तापाचं निमित्त झालं, रामदासपेठेत माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर दवाखान्यात ठेवलं होतं, आणि तिथून ती परत आली नाही. लग्न वर्षाच्या आत उरकावं असं सगळ्यांनी ठरवलं. अशा वेळी सगळ्यांनाच फार ठरवता येतं.

वहिनीने मात्र स्वतःचं काम चैत्रातच उरकून ठेवलेलं होतं. रुखवतात मांडायच्या कुरडया तिने तेव्हाच घातल्या होत्या. तेव्हा नवरामुलगा ठरलाही नव्हता. मी म्हटलं होतं, "वहिनी, काहून घाई करून राहिली वं?" तर म्हणाली, "पोरगा भेटन तवा भेटन. गहू औंदा चांगला हाय." तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून, तिने गच्चीवर ताटाएवढ्या कुरडया घातल्या. कुरडई कशी असते ते ज्याने एकदा हातात घेतली आहे त्याला सांगायला नको. तिच्याकडे रागाने पाहिलं तरी तिचा तुकडा पडतो. आणि रुखवतात तुटकी कुरडई मांडत नाहीत. काहून नाही, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

तर लग्नात वहिनीच्या हातचं म्हणून आता एवढंच असणार होतं. दादाला बाकी कशाचीच फिकीर नव्हती. साड्या, दागिने, पाहुण्यांची यादी, सगळं त्याने मुलीवर आणि माझ्यावर टाकलं होतं. तो फक्त एक चपटा, रुंद खोका घेऊन नागपूरला आला. गॅसच्या शेगडीचा पुठ्ठ्याचा खोका होता. आत कुरडयांच्या थरांमध्ये घरच्या शेतातला कापूस भरलेला, सरकीसकट, आणि बाहेरून सुतळी.

"बॅगेत टाकून खाली नाही द्यायचा," तो म्हणाला.

"नाही देत," मी म्हटलं.

"हातात न्यायचा."

"हातातच नेऊ गा दादा."

विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून खोका गेला तेव्हा पडद्यावर काय दिसलं असेल, देव जाणे. तिथल्या साहेबांनी यंत्र थांबवलं, दोघांना बोलावलं, आणि सुतळी सोडायला लावली. कापूस बघून ते अधिकच गंभीर झाले. हिंदीत विचारलं, हे काय आहे. दादाने सांगितलं, कुरडई, खाने की चीज. साहेबांनी एक बोट पुढे केलं. दादाने त्या बोटाखाली स्वतःचा तळहात धरला. मला वाटलं, आता काही खरं नाही, पण साहेबांनाही घरी कुणी म्हातारं माणूस असावं. बोट मागे गेलं आणि आम्ही सुटलो.

गेटवर मात्र अडलो. तिथे बॅगेचं माप घ्यायला लोखंडी चौकट ठेवलेली असते. आमच्या आधी मुलाबाळांएवढ्या ट्रॉल्या त्या चौकटीकडे न बघता पुढे गेल्या. त्यांना चाकं होती आणि त्यांचे मालक इंग्रजीत फोनवर बोलत होते, त्यामुळे त्या मापात बसत असणारच. सुतळी बांधलेला खोका मात्र तिथल्या मुलीच्या लगेच नजरेत भरला. दादाकडे तेव्हा हातात काहीच नव्हतं, खोका मी धरला होता. तिने त्याला पुढे सोडलं आणि मला बाजूला घेतलं.

"मी पुढं होतो," दादा म्हणाला. "जागा धरून ठेवतो."

मी त्या मुलीशी हुज्जत घालण्यात इतकी गुंतले होते की या वाक्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. खोका चौकटीत रुंदीला बसेना. ती म्हणत होती, खाली लगेजमध्ये टाकू. मी म्हणत होते, त्यापेक्षा मला टाका. शेवटी मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा ती म्हणाली, "ठीक आहे मॅडम, न्या. पण वर जागा मिळाली तरच. नाही मिळाली तर आमचा माणूस येऊन खाली घेऊन जाईल." खाली म्हणजे जिथे बॅगा फेकतात तिथे. तिथून कुरडयांचं पीठच आलं असतं.

मी पोचले तोवर विमान जवळजवळ भरलं होतं. दादा आपल्या सीटवर अगदी निवांत बसला होता. वर बघते तर कप्पा गच्च. आणि हवाई सुंदरी दोन बोटांच्या चिमटीत दादाचा खांद्यावरचा पांढरा दुपट्टा धरून प्रत्येक रांगेला विचारत येत होती, "ये कपड़ा किसका है?"

आता मला कळलं. आमच्याकडे एसटी थांब्याला लागली की लोक चढायच्या आधी खिडकीतून दुपट्टा आत टाकतात. तो ज्या सीटवर पडला ती सीट त्याची. मालक मागून, तंबाखू मळत, सावकाश चढला तरी चालतं. दुपट्ट्यावर कुणी बसत नाही. दारू प्यायलेलासुद्धा बसत नाही. दादाने कप्पा उघडला होता, तिथे दुपट्टा नीट पसरला होता, आणि जागा धरली गेली म्हणून खाली बसला होता. मग एकेक सुशिक्षित माणूस आला, त्याने दुपट्टा उचलला, आणि आपली बॅग ठेवली.

"माहा हाय," दादाने हात पुढे केला.

"सर, ऊपर रह गया था आपका."

"राह्यला नव्हता. ठेवला होता. जागा धरली हाय."

तिला मराठी येत नव्हतं, ते बरं झालं. पण पलीकडच्या सीटवरच्या माणसाला येत होतं. चाळिशीतला, गुळगुळीत दाढीचा. त्याची ट्रॉली, त्याची पाठीवरची बॅग आणि त्याचं निळं जाकीट, तिघंही आमच्या कप्प्यात होते. तो हसून म्हणाला, "काका, असं रिझर्व्हेशन नसतं इथे. जो आधी येईल त्याची जागा."

"मंग मीच तं पयले आलो," दादा म्हणाला.

याला उत्तर नव्हतं. तरी त्याने दिलं. "पण तुमचं सामान कुठे होतं?"

"मांगून येऊन राहिलं होतं. बाई घेऊन येऊन राहिली होती."

आमच्या गावात हे उत्तर पुरलं असतं. विमानात लोक हसले. मी खोका छातीशी धरून वाटेत उभी होते, मागे माणसं तुंबली होती, आणि मला त्या हसण्याचा भयंकर राग आला.

मी तोंडात साखर घोळवून म्हटलं, "तुमचं जाकीट मांडीवर घ्याल का? तेवढ्यात हा मावेल."

"अहो, उतरल्यावर थेट मीटिंग आहे माझी. चुरगळेल."

बर्फीच्या पिशव्यांकडे पाहिलं. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, पिशवीत बर्फी आहे, तुकडे होतील. मी विचारलं, बर्फीचे तुकडेच असतात ना हो? तिने हेडफोन लावले. हवाई सुंदरी म्हणाली, हा खोका पायाशी जात असेल तर ठेवा. जात नव्हता. मांडीवर घेऊन बसते म्हटलं, तर उडताना चालत नाही. मग तिने ते वाक्य उच्चारलं: खाली पाठवावा लागेल.

दादाचा चेहरा बघवेना. त्याने खोक्याचं एक टोक माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतलं होतं आणि ते सोडत नव्हता. माझ्याजवळ एक हुकमी पान होतं, आणि ते फेकायला मी तोंड उघडलं. "ऐका, या खोक्यात काय आहे ते मी सांगते. याची बायको, म्हणजे माझी वहिनी..."

"चूप राय वं बाई," दादा म्हणाला.

"काहून? सांगू दे मले. कळू दे सगळ्याइले."

"तिचं नाव घेऊन जागा नोको मांगू."

तो हे हळूच बोलला. मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली, यावरून तो कसा बोलला असेल ते समजून घ्यावं. मला त्याचाही रागच आला होता. नुसतं सांगितलं असतं तर अख्ख्या विमानाने माना खाली घातल्या असत्या, जाकीटवाल्याला तर मी आयुष्यभर पुरेल एवढी शरम दिली असती. पण तो म्हणाला नाही, तर नाही.

शेवटी आमच्या मदतीला ना दया आली ना माणुसकी. मदतीला आला उशीर. हवाई सुंदरीने शांतपणे सांगितलं की खोका खाली पाठवायचा म्हणजे खालून माणूस बोलवावा लागेल, त्याला पट्टी लावावी लागेल, दार बंद व्हायला वेळ लागेल, आणि मग उडायचा नंबर मागे जाईल. जाकीटवाल्याने घड्याळ पाहिलं. क्षणात ते जाकीट मांडीवर आलं, आणि विशेष म्हणजे चुरगळलं नाही. पाठीवरची बॅग पायाशी गेली. तिला तिथे व्यवस्थित जागा होती, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. बर्फीवाल्या बाईंनी हेडफोनमधूनच सगळं ऐकलं असावं, कारण त्यांची पिशवीही मांडीवर आली. दोघं-तिघं उठून "इधर सरकाओ, उधर सरकाओ" करायला लागले. एवढं प्रेम मी सख्ख्या नातेवाइकांत पाहिलेलं नाही. ट्रॉलीच्या शेजारी खोका आडवा, सपाट बसला आणि दादाने स्वतः कप्प्याचं दार लावलं.

आम्ही उडालो. दादाची खिडकीची सीट होती, पहिलंच विमान होतं. मी म्हटलं, खाली बघ, कन्हान नदी दिसते का. त्याने माझं मन राखायला एकदा पाहिलं आणि परत कप्प्याकडे मान वळवली. बंगळुरूपर्यंत त्याने दुसरं काही पाहिलं नाही.

जाकीटवाल्याला आता उडाल्यामुळे आमच्याबद्दल आपुलकी वाटू लागली होती. "काय आहे काका त्यात? काचेचं सामान?"

"नाही जी. कुरोड्या हायेत. पोरीच्या रुखवताच्या."

"कुरडया!" तो मोठ्याने हसला. "अहो, बंगळुरूत ऑनलाइन मिळतात. दहा मिनिटांत घरपोच."

"भेटत असतीन," दादा म्हणाला.

मी दाताखाली जीभ धरली. दादाने ती माझ्याकडून आधीच धरून घेतली होती, म्हणून हा माणूस वाचला.

पुढे जे झालं ते विमानाच्या चाकांनी जमीन धरल्याबरोबर झालं. बसा, बसा, असं स्पीकरवरून विनवणी करत होते आणि सगळं विमान उभं होतं. दार उघडायला अजून अवकाश असतो, पुढच्या रांगा रिकाम्या झाल्याशिवाय मागचा पाऊल टाकू शकत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी उभं राहायचं असतं. मान वाकडी करून, दुसऱ्याच्या बगलेत नाक घालून उभं राहिल्याशिवाय पोचल्यासारखं वाटत नाही. जाकीटवाल्याने कप्पा उघडला. दादा "थांबा जी, थांबा" म्हणत माझ्या पुढून वाटेत येईस्तोवर त्याने ट्रॉली खेचली. ट्रॉलीचं चाक आमच्या सुतळीत अडकलेलं होतं. खोका ट्रॉलीबरोबर सरकत आला, कडेला कलला, आणि दादाने दोन्ही हात वर करून तो छातीवर झेलला.

आतून आवाज आला. बारीक, कोरडा. आजूबाजूच्या गोंगाटात तो आम्हा दोघांनाच ऐकू आला असेल.

"सॉरी हं काका," जाकीटवाला म्हणाला. आणि मग घाई करून जिथे पोचायचं होतं तिथेच, आमच्यापासून हातभर अंतरावर, ट्रॉली धरून कितीतरी वेळ उभा राहिला. मी पूर्ण वेळ त्याच्याकडे पाहत होते. मीटिंगमध्ये त्याला माझी नजर आठवली असेल अशी माझी आशा आहे.

दादाने खोका उघडला नाही. मुलीच्या घरी पोचल्यावरही नाही. "उद्या पाहू," म्हणाला. रुखवत मांडायच्या वेळी हॉलवर शेवटी भाचीनेच सुतळी सोडली. लग्नाच्या आदल्या दिवसाची दुपार होती, मुलाकडची एक आजी आणि दोन काकू टेबलाशी उभ्या होत्या. भाची एकेक कुरडई कापसातून दोन्ही हातांनी उचलून ताटात ठेवायला लागली. खालचे थर शाबूत होते. सगळ्यात वरच्या काही तुटल्या होत्या. तुटलेल्या तिने स्टीलच्या डब्यात टाकल्या.

मी तोंड सोडलं. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. त्या माणसाचं जाकीट, त्याची ट्रॉली, त्याची मीटिंग, त्याचं दहा मिनिटांत घरपोच, सगळ्यांचा मी उद्धार केला. मुलाकडच्या काकू घाबरून हसायला लागल्या. आजींनी मात्र ताटातली एक कुरडई उजेडाकडे धरून पाहिली. "काय सुरेख काढलीय हो," म्हणाल्या. "आमच्याकडे आता एवढी मोठी कुणी काढत नाही. घरी नेऊन कपाटातच ठेवीन मी." मग भाचीने वर पाहिलं.

"बाबा, घरी किती ठेवल्या?"

"कायच्या?"

"आईच्या कुरडया. घरी, आपल्यासाठी किती ठेवल्या?"

दादा म्हणाला, "नाही ठेवल्या. तुह्या रुखवताच्या होत्या त्या. तिनं तुह्या नावानं घातल्या होत्या."

"एकही नाही?"

"नाही."

रुखवत सासरी जातं. मांडलेलं सगळं जातं, त्यातलं माहेरी काही परत येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी तोवर हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दादाने वहिनीच्या हातची शेवटची कुरडईसुद्धा खोक्यात भरली होती आणि घरचा डबा रिकामा ठेवून तो निघाला होता. माझ्या तोंडात त्या जाकीटवाल्यासाठी अजून दोन शिव्या शिल्लक होत्या, त्या तिथेच राहिल्या. मला रडू आलं.

भाचीने डबा उचलला आणि हॉलच्या स्वयंपाकघरात गेली. हळद लागायची होती, हातात चुडा होता, आचारी नको नको म्हणत होता. तिने कढईतल्या तेलात ते तुकडे स्वतः सोडले. तेलात पडल्यावर तुकडाही कुरडईसारखाच फुलतो. ताटलीत घालून तिने ते दादाच्या पुढ्यात ठेवले, एक मला दिला, आणि त्याच्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली.

दादाने एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात पहिल्या घाण्याची कुरडई खाऊन तो हेच म्हणायचा, आणि वहिनी चुलीपाशी बसल्याबसल्या त्याला असं काही सुनवायची की अख्खं घर हसायचं. तो म्हणाला आणि सवयीने मान वर करून थांबला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मग दादाने दुसरा तुकडा घेतला.